शुद्धलेखनाचा विटाळ

(नगरला तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त जिथं टाळ्या पडल्या तिथं पुढचं वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, ते काढलंय.)



मला विषय दिलाय, ‘नवोदितांनी लेखन कसे करावे’. असल्या विषयावर प्राध्यापक लोक बोलतात. अनुभूती, अभिव्यक्ती, प्रतिभा असे तीन शब्द टाकतात, पाण्याचा ग्लास संपवतात आणि एस्टी पकडतात. मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. प्रतिभा कुठं राहते, तिचा पत्ता माझ्याकडं नाही. म्हणून मी साधा प्रश्न घेतो. आपली पोरं लिहीत का नाहीत?

खरं तर लिहितात. काल रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, कोण कोण लिहितं? अकरा हात वर आले. मग विचारलं, वाचून कोण दाखवतं? एकही हात नाही. कुणाची वही ट्रंकेत, कुणाची गादीखाली, कुणाचं मोबाइलच्या पोटात. कारण विचारलं तर अकरा जणांचं एकच. ‘अजून नीट झालं नाही.’

दुसऱ्याचं लिहिलेलं पुढं ढकलताना आपला अंगठा थरथरत नाही. दिवसाला पन्नास ढकलतो. आपली स्वतःची चार वाक्यं लोकांपुढं ठेवायची म्हटली की तोच अंगठा लुळा पडतो. हे ‘नीट’ काय भानगड आहे, ते आज आपण उघडून बघू.

आपली आजी जात्यावर बसायची. पीठ पडायचं, ओवी पडायची. ‘थांब गं, ही ओवी अजून नीट झाली नाही,’ असं कुठल्या आजीनं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. भीमाची गाणी गावोगावच्या बायांनी अशीच रचली. एकीनं ओळ टाकली, दुसरीनं पुढं नेली, तिसरीनं बदलली. ते गाणं चुकतमाकत सगळ्या महाराष्ट्रभर हिंडलं. मग आपल्यालाच ही धास्ती कुठून लागली?

शाळेतून लागली. पोरगं ‘पानी’ म्हणालं की वर्ग हसला. मास्तरनं उभं केलं, ‘ण’ म्हण, ‘ण’ म्हण. वहीवर लाल शाई सांडली. आजोबाला पाणवठ्यावरून हाकललं होतं, नातवाला ‘पाणी’ या शब्दावरून हाकललं. आजोबाला निदान ठाऊक होतं की आपल्याला कुणीतरी हाकलतंय. नातवाला वाटतं, आपलंच चुकलं.

शब्दच बघा ना. शुद्धलेखन. शुद्ध! जिथं शुद्ध आलं तिथं अशुद्ध आलं, आणि अशुद्ध आलं की विटाळ आला. भाषेच्या देवळातही गाभारा आहे, आणि आपण पायरीशी उभे. आपण लिहिलं तर कागद बाटेल, अशी भीती आपल्या हाडात कुणीतरी भरून ठेवलीय. आणि गंमत म्हणजे, आता तिथं बाहेरचा पहारेकरी लागत नाही. आपणच आपल्या वहीवर पहारा देतो.

या शुद्धपणाची जन्मपत्रिका सांगतो. १९६२ साली महाराष्ट्र सरकारनं साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम मान्य केले. १९७२ साली त्यात आणखी चार जोडले. झाले अठरा. त्याच्या आधी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पांच’ असं टिंब देऊन लिहायचे. टिंब विसरलं तर ते अशुद्ध. नियम आले आणि टिंब गेलं. आता टिंब दिलं तर अशुद्ध! म्हणजे काल ज्याच्यासाठी पोराच्या हातावर छडी बसायची, तेच आज पुसायचं. शुद्ध काय ते आभाळातून पडत नाही, दोस्तहो. कमिटी बसते, चहा होतो आणि शुद्ध ठरतं. त्या कमिटीत आपला बाप नव्हता, एवढंच. आणि ज्या १९७२ साली ते शेवटचे चार नियम आले, त्याच साली मुंबईत दलित पँथर निघाली आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्या पुस्तकाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मराठी नाटकातला एवढा मोठा माणूस, पण ‘गोलपिठा’तल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते तिथं कबूल केलं. एरवी शब्दकोश आपण उघडायचा. त्या वेळी तो त्यांना उघडावा लागला, आणि कोशात तर ते शब्द नव्हतेच.

कुणी म्हणेल, हा गडी अडाणीपणाचा जयजयकार करतोय. तसं नाही. ऱ्हस्व-दीर्घ शिका. व्याकरण शिका. हत्यार आहे ते, कुणाच्या बापाचं नाही. पण हत्याराला धार लावायची म्हणून कुणी लढाई पुढल्या वर्षावर ढकलत नाही.

आता आपल्या लोकांकडं बघू. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ला सुरू झाली. शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या लिहिण्याची टवाळी केली. विचाराला उत्तर द्यायचं राहिलं बाजूला, आधी भाषा आणि व्याकरण काढलं. ही युक्ती तेव्हापासूनची आहे. जोतीरावांनी काय केलं? भाषा घोटून, तेल लावून, शेंडी बांधून मग पुढलं पुस्तक काढलं का? नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि त्याचे भाग पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर असे गावोगाव वाचून दाखवले. पुस्तक पुरं व्हायची वाट बघितली नाही. शेतकऱ्यासाठी लिहिलं होतं, तर त्याच्या कानावर आधी घातलं. पुढं १८८८ साली पक्षाघात झाला. उजवा हात गेला. माणूस डाव्या हातानं लिहायला बसला. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक त्या डाव्या हाताचं. १८९१ ला छापून आलं तेव्हा जोतीराव हयात नव्हते. डाव्या हातानं अक्षर कसं आलं असेल, विचार करा. वाकडंतिकडं आलं असेल. आणि आपण चांगला उजवा हात खिशात घालून म्हणतो, माझं अक्षर चांगलं नाही.

आणखी एक सांगतो. हे आपल्या नगरच्या मातीशी जोडलेलं आहे. ‘ज्ञानोदय’ हे पत्र अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली इथं, अहमदनगरात सुरू केलं. (आता कागदावर अहिल्यानगर आहे, पण एस्टीत अजून आपण नगरच म्हणतो.) त्याच ‘ज्ञानोदय’त १८५५ साली एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे. मांगाची पोर, वय चौदा, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. मांग-महारांचं दुःख तिनं मांडलं. आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल विचारला. चौदा वर्षांची पोर! शाळेत जाऊन थोडीच वर्षं झालेली. तिच्या आधी तिच्या जातीतल्या कुठल्या बाईनं छापील निबंध लिहिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणजे पुढं ठेवायला नमुना नाही, पाठीवर हात ठेवायला परंपरा नाही. ती म्हणाली असती, ‘आधी चार इयत्ता शिकते, भाषा नीट होऊ दे, मग बघू,’ तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं? शून्य. त्या निबंधानंतर तिचं दुसरं लिखाण आपल्यापर्यंत आलेलं नाही. जे आलं ते तेवढंच, आणि दीडशेच्या वर वर्षं ते आपल्याला पुरलंय.

आता दुसऱ्या भीतीकडं येतो. ही बाहेरच्याची नाही, घरची आहे. दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं ‘बलुतं’ १९७८ ला आलं. त्यात शिकलेला दया पवार समोर बसलाय आणि गावचा दगडू त्याला आपली कहाणी सांगतोय. एकाच माणसाचे दोन तुकडे. बाहेर पुस्तकाचं कौतुक झालं आणि आपल्यातल्याच काही लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे कशाला उकरलं? वस्तीतली घाण चव्हाट्यावर कशाला आणली? आपण आता सुधारलो, शिकलो, बुद्ध झालो, लोक काय म्हणतील?

हेही ‘नीट’च. दुःख सांगा, पण इस्त्री करून सांगा. बाप दारू प्यायचा ते लिहू नका. आईनं मेलेल्या जनावराचं मांस वाळवलं ते लिहू नका. पोरीनं आपल्याच चळवळीतल्या पुढाऱ्याबद्दल लिहिलं तर तिला म्हणायचं, वेळ योग्य नाही. बाहेरचा म्हणतो भाषा शुद्ध करा, घरचा म्हणतो जिणं शुद्ध करून लिहा. दोघांचंही ऐकलं तर वहीत फक्त तारीख उरेल. दगडू बोलला म्हणून ‘बलुतं’ झालं. नुसत्या दया पवारला विचारलं असतं तर कदाचित नोकरीचा अर्ज झाला असता.

बायकांचं तर आणखी अवघड. फलटणच्या बेबीताई कांबळे. शिक्षण चौथीपर्यंत. घरातच छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. घरच्यांना कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. अशी वीस वर्षं! कोण टेबल, कोण दिवा, कोण एकांत? एक पुडी तुरीची, एक ओळ वहीत. एक पुडी साखरेची, आणखी एक ओळ. पुढं मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाई फलटणला आल्या, त्यांच्यापर्यंत ते लिखाण पोचलं. मग ते ‘स्त्री’ मासिकात आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं.

या गोष्टीतून दोन गोष्टी घ्या. एक, त्यांनी रोज लिहिलं. मूड आला, पाऊस पडला, चंद्र उगवला म्हणून लिहिलं नाही. दुकान उघडं आहे आणि गिऱ्हाईक नाही, एवढं कारण पुरलं. दुसरी गोष्ट मला सलते. ती वही वीस वर्षं लपून राहिली. त्यांच्यावर तशी वेळ होती, घरच्या पुरुषांची भीती होती. आपल्यावर काय वेळ आहे? बेबीताईंची अडचण आपण फॅशन म्हणून का वापरायची?

टेबलाचं निघालं म्हणून सांगतो. इथं नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू कैदेत होते, १९४२ ते १९४५. तिथं १९४४ साली पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यांना तुरुंगातही कागद, पुस्तकं, शिकलेल्या लोकांची संगत होती. आपल्या पोराला आंदोलनात उचललं तर लॉकअपमधे भिंतीला टेकायला जागा मिळत नाही. म्हणून टेबलाची वाट बघू नका. ते आपल्याकडं येणार नाही. दुकानाचा गल्ला, रिक्षाचं सीट, शेडमधलं पोतं, जे मिळेल ते टेबल.

आता मी माझ्या कामातलं सांगतो, कारण मला तेच नीट ठाऊक आहे. जहाजावरून माल उतरतो तेव्हा टॅलीवाला वही घेऊन उभा असतो. क्रेनची एक स्लिंग खाली आली, एक रेघ. दुसरी आली, दुसरी रेघ. चार उभ्या आणि पाचवी आडवी. उन्हात उभा, पावसात उभा, वहीला हातांचं तेल लागलेलं. तो असं म्हणत नाही की आज अक्षर चांगलं येत नाही, उद्या शांतपणे बसून मोजतो. उद्या काय मोजणार? माल ट्रकात गेला. नंतर तूट निघाली, भांडण लागलं, मालकाचा माणूस ओरडायला लागला की सगळे धावतात कुणाकडं? त्या तेलकट वहीकडं. तिथं रेघ आहे की नाही, एवढंच बघतात. रेघ सुबक आहे का, हे आजवर कुणी विचारलं नाही.

आपल्या समाजाचा टॅलीवाला कोण? आपल्यावरून काय काय उतरवलं गेलं, किती गेलं, कुणी नेलं, त्याच्या रेघा कुणी मारायच्या?

इथं, याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारलं. शाळेत शिकणारं पोर. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून. नोव्हेंबर २०१७ मधे नगरच्या कोर्टात निकाल लागला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले होते. आरोपी निर्दोष सुटले. तुमच्या वहीनं निकाल बदलला असता, असं खोटं मी सांगणार नाही. कोर्टाचे कायदे वेगळे, गावाची दहशत वेगळी. पण एवढं विचारतो. त्या आठवड्यात आपापल्या गावात लोक काय बोलत होते, पारावर कोण गप्प होतं, शाळेत काय झालं, मोर्चात कोण आलं, कोण आलं नाही, हे तुमच्यापैकी किती जणांनी तारीख घालून लिहून ठेवलं? आता आठवून सांगाल तर प्रत्येकाचं वेगळं निघेल. माणसं फुटतात, भितात, विसरतात, मरतात. त्या दिवशी लिहिलेलं पान जसंच्या तसं राहतं. त्या पानावर ‘मिळून’मधला ‘मि’ पहिला की दुसरा, याची पंचाईत पन्नास वर्षांनी कुणी करणार नाही.

म्हणून मी सांगतो ते करा. फार सोपं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

रोज एक पान. जास्त नको. वर तारीख आणि जागा. खाली जे दिसलं ते. माणसाचा धंदा लिहा, रोज किती मिळाला ते लिहा, खोलीचं भाडं लिहा, साहेब काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘समाजात भीषण विषमता आहे’ हे वाक्य लिहू नका. ते भिंतीवर आहे. नाक्यावर सकाळी सात वाजता किती माणसं उभी होती आणि दहा वाजता किती उरली, ते लिहा. विषमता आपोआप येईल.

लिहिताना खोडू नका. जहाजाच्या पोटातून माल काढताना थप्पी कशी दिसेल याचा विचार कुणी करत नाही. आधी उतरवा. थप्पी शेडमधे लागते. एकाच वेळी उतरवायला आणि थप्पी लावायला गेलं की हूक स्वतःच्याच पायात बसतो. आज लिहा, आठ दिवसांनी दुरुस्त करा. त्या वेळी मात्र दया दाखवू नका. खोटं वाक्य काढा, उसना शब्द काढा, नुसता आवाज करणारी ओळ काढा. परवा एका पोरानं मला कविता दिली, त्यात सतरा वेळा ‘ज्वालामुखी’. मी म्हणालो, बाबा, एक ठेव, सोळा दुसऱ्या कवींना वाट.

आठवड्यातून एकदा तीन माणसांना वाचून दाखवा. एक आपल्या बाजूचा, एक भांडणारा, आणि एक ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. आईला वाचून दाखवलं आणि तिला कळलं नाही, तर आधी कविता तपासा. आईनं उन्हाळे काढलेत. तिला दुःख कळत नाही असं होणार नाही.

आणि महिन्याला एक कागद काढा. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, मधे घडी. झालं अनियतकालिक. साठ-सत्तर सालांत राजा ढाल्यांसारख्या पोरांनी अशीच पत्रं काढली. मोठ्या मासिकांच्या दारात ताटकळले नाहीत. मोठ्या मासिकाचं काय असतं ते मलाही ठाऊक आहे. एका नामांकित मासिकानं माझी कविता परत पाठवली. कवितेबद्दल एक शब्द नाही, फक्त वेलांट्यांभोवती लाल गोल. त्या गोलांसकट ती आम्ही आमच्या कागदावर छापली. गोदीत ती जेवढी वाचली गेली तेवढं ते मासिकही तिथं कुणी वाचलं नसेल.

शेवटचा आक्षेप. मला माहीत आहे, कुणीतरी म्हणणार, बाबासाहेबांनी केवढा अभ्यास केला, केवढे ग्रंथ लिहिले, आणि हा सांगतो कसंही लिहा. तर ऐका. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघालं. पाक्षिक. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला निघालं. तेही पाक्षिक. महाडचं पाणी पेटलं २० मार्चला. म्हणजे अवघ्या चौदा दिवसांत पत्र लोकांच्या हातात! पाक्षिकाची तारीख कुणासाठी थांबत नाही. वकिली होती, चळवळ होती, पैसा नव्हता, माणसं नव्हती, रकानेच्या रकाने स्वतः भरायचे होते. तो महापंडित माणूस ‘अजून नीट झालं नाही’ म्हणत बसला असता तर महाडची बातमी आपल्याला दुसऱ्यांच्या पेपरातून, दुसऱ्यांच्या तोंडून कळली असती. त्यांचा अभ्यास मोठा होताच. पण अभ्यास मोठा म्हणून पंधरवडा चुकवला पाहिजे, असं त्यांना वाटलं नाही. आपण मात्र त्यांच्या ग्रंथांच्या जाडीकडं बघून घाबरतो आणि पंधरवड्याची शिस्त विसरतो.

तेव्हा काल रात्री हात वर केलेल्या त्या अकरा जणांना माझं सांगणं आहे. जेवणानंतर कवी संमेलन ठेवलंय, पत्रिकेवर माझं नाव मोठ्या अक्षरात छापलंय. मी वाचणार नाही. माझा वेळ तुमचा. वह्या आणा. अर्धवट आणा, खाडाखोड असलेल्या आणा, ‘पानी’ लिहिलं असेल तर ‘पानी’च वाचा. जो हसेल त्याला पुढली कविता वाचायला लावू.

जय भीम.